अणू पाणबुडी की डिझेलवाली? भाच्याच्या मॉडेलपायी लिहिलं

भाचा विज्ञान प्रदर्शनासाठी पाणबुडी करून राह्यला, कोणती करू मामा म्हणून डोकं खाल्लं त्यानं. इथं हिंगणघाटकडं समुद्र कुठं बे, पण आता विषय निघालाच तर सांगतो.

पाण्याखाली राहणं म्हणाल तर अणूवाली वरचढच. रिअॅक्टरला, म्हणजे आतल्या अणुभट्टीला, हवा लागत नाही, ऑक्सिजन समुद्राच्याच पाण्यातून काढते, राशन संपलं का मगच परत. अमेरिकेच्या व्हर्जिनिया क्लासला तर ३३ वर्षं इंधन बदलाचं कामच नाही. डिझेलवालीला बॅटरी चार्ज करायला नळी पाण्यावर काढावीच लागते, अन् तिथंच ती सापडते.

आवाजात मात्र उलटं, बॅटरीवर चालली का एकदम गुमसुम, अन् अणूवालीत रिअॅक्टर थंड ठेवणाऱ्या पंपांची भानगड चोवीस तास चालू.

खरी गोम स्पेअर पार्टची. आपल्या गावात एका मोटरीची सील काढून दुसरीला लावतात ना, तसंच व्हर्जिनियावाल्यांनीही एका पाणबुडीचा पार्ट काढून दुसरीत बसवला, एवढा पैसा असून! आपण २०१२ मध्ये रशियाकडून १० वर्षांच्या लीजवर घेतलेली चक्र नावाची अणू पाणबुडी २०२१ लाच परत गेली. कलवरी क्लासच्या सहाही डिझेल पाणबुड्या मुंबईत माझगाव डॉकलाच बांधल्या, मग दुरुस्तीला घरचं माणूस तरी हाताशी आहे. खर्चातही डिझेलवालीच स्वस्त.

किनारा अन् उथळ पाणी राखायचं तर डिझेलवाली, महिनोन्महिने दूर समुद्रात कोणाच्या मागं लागायचं तर अणूवाली. भाच्यानं डिझेलवाली कर, बॅटरी अन् पंख्याची मोटर घरीच पडली आहे.