धागे कापून विकलेले कोई कार्प

कोई कार्पच्या अंगावर लोंबणारा धागा दिसला नाही म्हणून मासा निरोगी समजू नका. मला मासे विकणाऱ्याने ते धागे आधीच कापून टाकले होते.

अँकर वर्म, म्हणजे लर्निया, हा खेकडा-कोळंबीच्या गोतातला परजीवी. मादी माशाच्या मांसात डोकं खुपसते आणि डोक्याला फुटलेल्या नांगरासारख्या फाट्यांनी रुतून बसते. बाहेर राहतो तो तिचा मागचा काडीसारखा भाग, म्हणजेच तो धागा, टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. तेवढा उडवला की मासा स्वच्छ दिसतो. मी घेतलेल्या माशांच्या परांच्या बुडाशी लाल, किंचित फुगीर ठिपके होते. विचारलं तेव्हा उत्तर छातीठोक आलं: "जाळीने खरचटलंय, भरून येईल. महिनाभर वेगळे ठेवलेले मासे आहेत."

ठिपक्यांच्या जखमा झाल्या. मासे दगडांवर अंग घासू लागले, आणि मग माझ्या जुन्या, धडधाकट गोल्डफिशच्या अंगावरही धागे दिसू लागले. एक कोई दगावला. त्याच्या जखमा उघडून भिंगाखाली पाहिल्या, तर प्रत्येकीत नांगर तसाच रुतलेला आणि वरचं टोक सरळ, एकसारखं कापलेलं.

तक्रार केली, तर त्याने बिनलेबलची बाटली गळ्यात मारली. म्हणे एका डोसात विषय संपेल. ही दुसरी फसवणूक मला जास्त घातक वाटते, कारण तिच्या भरवशावर माणूस खरे उपचार लांबवतो. रुतलेली मादी औषधाला सहसा दाद देत नाही. मरतात ती पाण्यात पोहणारी पिल्लं. डायफ्लुबेंझुरॉन या औषधामुळे त्यांना कात टाकता येत नाही. पण अंड्यांमधून नवी पिल्लं येतच राहतात. २५ ते ३० अंश तापमानात हे जीवनचक्र साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होतं, म्हणून औषध ठरावीक अंतराने पुन्हा द्यावंच लागतं.

नवे मासे निदान चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा. पाणी थंड असेल तर त्याहून जास्त, कारण थंडीत या किड्याची वाढ मंदावते. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका, जाळीही वेगळी वापरा. आणि घेताना, विक्रेत्याने पुढे केलेले मासे बाजूला ठेवून त्याच टँकमधले दुसरे काढून दाखवायला सांगा. सगळ्यांचे धागे कापून झालेले असतीलच असं नाही.