स्लॅबमधलं नाणं की पाकिटातलं?

जुन्या अमेरिकन तांब्याच्या नादाला लागलं की दोन-चार नाण्यांतच हा प्रश्न समोर येतो. नाण्याची अवस्था पाहून त्याला आकडा देणाऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लॅस्टिकच्या डब्यातला, म्हणजे स्लॅबमधला, लार्ज सेंट घ्यावा, की चौकोनी कागदी पाकिटात सुटा मिळतो तो? मी दोन्ही घेतले आहेत आणि दोन्हींत पैसेही घालवले आहेत. लार्ज सेंट म्हणजे अमेरिकेचा जुना, मोठा तांब्याचा सेंट, आणि शेल्डनचा नंबर म्हणजे तो ठशांच्या कोणत्या जोडीने पाडला ते सांगणारा क्रमांक, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. आणखी एक आधीच सांगून टाकतो. मला नाण्याइतकीच त्याच्या मागच्या मालकांची ओढ आहे. तुम्हाला फक्त देखणं नाणं हवं असेल, तर माझं म्हणणं अर्धंच धरा.

आधी स्लॅब, कारण ती बाजू काही लंगडी नाही. न्यू जर्सीत नवा होतो तेव्हा रात्री जेवणं आटोपल्यावर लॅपटॉप उघडून नाणी बघायचो. ना कोणी ओळखीचा व्यापारी, ना हातात खरं नाणं धरल्याचा अनुभव. हल्ली नकली सेंट नुसते ओतून करत नाहीत, नवे ठसे करून चक्क पाडतात, आणि फोटोत ते भल्याभल्यांना फसवतात. त्या काळात स्लॅबने मला वाचवलं यात शंका नाही. दुसरं म्हणजे बोटं. गणपतीला घरी आलेल्या एका काकांनी माझा १८०३ चा सुटा सेंट कौतुकाने उचलला आणि त्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, गालावर अंगठा टेकवून "अरे वा, शिवराईसारखाच की!" म्हणाले. मी हसून सोडून दिलं. दिवाळीपर्यंत त्या गालावर अंगठ्याच्या रेषा मोजता येतील इतक्या स्पष्ट उमटल्या होत्या, आणि त्या आता कायमच्या आहेत. प्लॅस्टिक असतं तर हे घडलं नसतं. (स्लॅब पूर्ण हवाबंद असतो असं मात्र समजू नका. दमट तळघरात ठेवलं तर त्याच्या आतही तांबं काळवंडतं.)

विकतानाही स्लॅब सोपा. उद्या मला काही झालं, तर हिला पाकिटावरच्या पेन्सिलीच्या खुणा थोड्याच वाचता येणार आहेत! लेबलवरचा आकडा कोणालाही वाचता येतो.

तो आकडा कितपत खरा, हा वेगळा मुद्दा. १ ते ७० ची ती मोजपट्टी ठशांना नंबर देणाऱ्या त्याच विल्यम शेल्डनने १९४९ मध्ये लार्ज सेंटसाठी काढली, पण आज तांब्यातले जुने जाणकार आणि ग्रेडिंग कंपन्या ती सारखी वापरत नाहीत. जाणकार आधी झिजेवरून ग्रेड ठरवतात, मग गंज, खड्डे, कडेचे मार यांचे गुण वजा करून निव्वळ ग्रेड लिहितात. त्यामुळे स्लॅबवर ३० असलेलं नाणं त्यांच्या तोंडी २० चं होणं, हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता नवल वाटत नाही. वाईटही वाटत नाही. दोन बाजारांचे दोन भाव, इतकंच.

आता पाकीट. साधारण दोन इंचांचं कागदी पाकीट, आत सुती अस्तराची पिशवी, तिच्यात नाणं. अस्तर हवंच, नुसत्या कागदाने तांब्याचा रंग बिघडतो. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका, हिरवा चिकट थर धरतो. पाकिटावर ठशांच्या जोडीचा नंबर, घेतल्याची तारीख, कुणाकडून घेतलं ते. आणि नशीब असेल तर आत आधीच्या मालकाची चिठ्ठी, तिच्यामागे त्याच्याही आधीच्या मालकाची. एकाचं अक्षर टाकाचं, दुसऱ्याचं पेन्सिलीचं, तिसऱ्याचं टंकलेखन यंत्रावरचं. या चिठ्ठ्यांची साखळी फार मागे जात नाही. हे सेंट १७९३ पासून पाडले जात होते, पण लोक ते गोळा करायला लागले ते मुख्यतः १८५७ साली मोठा सेंट बंद होऊन छोटा आला तेव्हा. त्याआधीच हा छंद जडलेले थोडेच, फिलाडेल्फियाच्या जोसेफ मिकलींसारखे. त्यांनी म्हणे आपल्या जन्मसालाचा, म्हणजे १७९९ चा, सेंट शोधण्यापासून सुरुवात केली. निघाला तो सगळ्या मालिकेतला सर्वांत दुर्मिळ सालांपैकी एक! तेव्हा पहिली साठ-पासष्ट वर्षं नाणं कुणाच्या खिशात होतं ते विसरा. नंतरच्या दीडशे वर्षांचा माग मात्र खरोखर लागू शकतो.

तो लावायचा कसा? ठशाला गेलेला तडा त्या ठशाच्या त्या अवस्थेतल्या प्रत्येक नाण्यावर येतो, म्हणून त्यावरून मालक ओळखता येत नाही. चकतीतला, म्हणजे ठसा मारण्याआधीच्या कोऱ्या तांब्यातला, मूळचा दोष, कडेला बसलेला मार, गालावरचा ओरखडा, हे ज्या त्या नाण्याचं एकट्याचं. जुन्या लिलावांच्या कॅटलॉगमध्ये फोटोंची पानं असतात. त्यांतली पुष्कळशी आज सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाशी जोडलेल्या न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टलवर फुकट पाहता येतात. फोटोतला ओरखडा तुमच्या नाण्यावर त्याच जागी, त्याच कोनात सापडला की एक दुवा जुळला. चिठ्ठी नुसती सांगते, फोटोतला व्रण शाबीत करतो.

आणि इथेच माझं घोडं अडलं.

माझा १७९४ चा सेंट स्लॅबमध्ये घेतलेला. त्या एका वर्षाच्याच ठशांच्या पन्नासहून जास्त जोड्या आहेत. डॉक्टर एडवर्ड मॅरिस यांनी १८६९ मध्ये त्यांची यादी केली, तेव्हा एकेका चेहऱ्याला दुहेरी हनुवटी, पॅटॅगोनियन अशी नावं दिली होती. एका रविवारी पोर्टलवर सहज पानं चाळताना एका जुन्या लिलावाच्या फोटोत माझाच सेंट दिसल्यासारखा वाटला. केसांखालचा बारीक खड्डा तोच, तारखेपाशी चकती सोलल्याची खूणही तीच. पण फोटोत सगळ्यांत ठळक होता तो कडेचा मार, घड्याळात पाच वाजतात त्या जागी. जाणकार कडेवरच्या जागा अशाच सांगतात. माझ्या स्लॅबमध्ये नेमकं पाचच्या जागी, नाणं धरून ठेवणारं पांढरं प्लॅस्टिक. भिंग लावलं, दिवा तिरका केला, फोनने फोटो काढून मोठा केला. दिसत होती ती फक्त दिव्याची चमक.

मग ज्याच्याकडून घेतलं त्या व्यापाऱ्याला फोन केला. म्हटलं, याच्याबरोबर काही कागद होते का हो? तो सहज म्हणाला, हो, दोन-तीन जुन्या चिठ्ठ्या होत्या, ग्रेडिंगला पाठवताना काढून टाकल्या, कशाला हव्यात? नाण्यावर त्याने पैसे कमावले याचं मला काही नाही. पण त्या चिठ्ठ्या कचऱ्यात गेल्या हे मला आजही पचलेलं नाही. ही चूक प्लॅस्टिकची नाही, माणसाची, हे मान्य. पण डब्यात चिठ्ठीला जागाच नाही, म्हणून ती टाकली जाते. लेबलवर कधीकधी मालकाचं नाव छापतात, तेही बहुधा एखाद्या गाजलेल्या संग्राहकाचं. मधल्या साध्या माणसांना तिथे थारा नाही.

कडेचं दुखणं एवढ्यावर थांबत नाही. सुरुवातीच्या सेंटांच्या कडेवर ‘वन हंड्रेड फॉर अ डॉलर’ अशी अक्षरं आहेत. १७९५ च्या अखेरीला वजन २०८ ग्रेनवरून १६८ वर आणलं, तेव्हा चकती पातळ झाली आणि अक्षरं गेली. शेल्डनचे ७६अ आणि ७६ब एकाच ठशांच्या जोडीतले, फरक तो कडेचा. अ ला अक्षरं आहेत आणि तो दुर्मिळ, ब सपाट आणि सहज मिळणारा. सुटं नाणं बोटांत फिरवलं, तराजूवर ठेवलं की पाच सेकंदांत कळतं. स्लॅबमध्ये लेबलवर विश्वास ठेवायचा. नव्या डब्यांतून कड थोडीफार दिसते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तेवढ्याने वाचता येतंच असं नाही, आणि वजन तर करताच येत नाही.

स्लॅबच्या बाजूचा सगळ्यांत वजनदार मुद्दा मुद्दाम मागे ठेवला होता. तो खुद्द शेल्डनचा आहे. १९७७ मध्ये तो वारला आणि पुढे उघड झालं की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले, जॉर्ज क्लॅप यांनी दिलेले उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी त्याने कमी दर्जाचे ठेवले होते. कागद जागच्या जागी, नाणं मात्र बदललेलं! नव्वदच्या दशकात प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेलं आणि निकाल सोसायटीच्या बाजूने लागला. सीलबंद डबे असते तर ही अदलाबदल इतकी सोपी नसती. चिठ्ठीच्या भरवशावर बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, माझ्यासकट. पण ती चोरी सिद्ध करायलाही जुने फोटो आणि जुनी वर्णनं प्रत्यक्ष नाण्यांशी ताडूनच पाहावी लागली.

तर घ्यावं काय? ओळखीचा व्यापारी नसेल, किंवा १७९३ किंवा १७९९ सारख्या महाग सालाला हात घालत असाल, तर स्लॅब घ्या, मी नाही म्हणणार नाही. एरवी माझा कल पाकिटाकडे. सुरुवात १७९८ च्या आसपासच्या सेंटांपासून केलीत तर बरं पडेल. त्या सुमारास बऱ्याच चकत्या इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडून येत आणि तांबं चांगलं असे, त्यामुळे सुट्या नाण्यातही धोका कमी. याच बोल्टनच्या टांकसाळीत मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ ची तराजूवाली नाणी पाडली गेली. त्यांतलं एक मी त्याच खणात ठेवलं आहे, शेजार म्हणून. घेताना एकच विचारा: याच्याबरोबर कागद काय येतात?

माझ्या १७९४ चं म्हणाल तर दोन वर्षं धीर धरला. मग एका शनिवारी स्लॅब टॉवेलात गुंडाळला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पक्कडीने कोपरा दाबला. कडकन आवाज झाला तशी ही दचकून आत आली. नाणं अलगद काढून सुती रुमालावर ठेवलं, भिंग लावलं. पाचच्या जागी मार होता, फोटोत होता तसाच, खालच्या बाजूला जरा पसरट. कडेवर अर्धा ‘हंड्रेड’ही वाचता आला. म्हणजे एक दुवा पक्का झाला, पण त्या लिलावापासून माझ्या व्यापाऱ्यापर्यंतची मधली माणसं गेली ती गेलीच.

स्लॅबचं लेबल कापून नव्या पाकिटात नाण्यामागे घातलं. वर लिलावाचं साल आणि लॉट नंबर लिहिला, खाली माझं नाव. ही खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, अक्षर जरा नीट काढ, पुढच्याला वाचता आलं पाहिजे.