युद्धकाळातल्या इंजिन कारखान्यांचं जुनं फुटेज: मशीन कमी बघा, गेज जास्त बघा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ आमचं लेथ आणि बोअरिंगचं काम आहे. 1 जूनला मासेमारी बंद झाली की नाखवे (बोटींचे मालक) इंजिनं उतरवून आणतात, मग बंदी उठेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. एरवी मात्र संध्याकाळी आयटीआयच्या पोरांना काहीतरी दाखवता येतं. त्यासाठी मी इंटरनेट आर्काइव्ह या फुकट साइटवरच्या दुसऱ्या महायुद्धातल्या कारखान्यांच्या फिल्म वापरतो. पैसे पडत नाहीत, आणि फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवता येते. पावसाळ्यात आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही आणि नेटचा त्याहून नाही, तेव्हा माझ्या लेखी हाच मोठा गुण.

हे फुटेज दोन जातीचं असतं. एक प्रचाराचं. बँड वाजतो, भारदस्त आवाजाचा निवेदक बोलतो, शेवटी विमानांची रांग. टूल जॉबला (घडवायच्या तुकड्याला) लागलं, कीस सुटायला लागला, की कॅमेरा लगेच कामगाराच्या हसऱ्या चेहऱ्यावर. अरे बाबा, चेहरा काय बघू, कट किती घेतलास ते दाखव! दुसरं शिकवण्याचं. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 1941 ते 1945 या काळात नवख्या कामगारांसाठी 457 फिल्म काढल्या. त्यात लेथ, मिलिंग, कानस मारणं, जहाजबांधणी असं सगळं आहे. टेलस्टॉक (लेथचं टेकू देणारं मागचं टोक) सरकवून टेपर (निमुळता उतार) कसा काढायचा, मायक्रोमीटर कसा धरायचा, हे सावकाश, जवळून दाखवलंय. इंग्रजी भरभर असलं तरी हात दिसतात, आवाज बंद केला तरी चालतं. मी तर बंदच करतो, मध्ये मला बोलायचं असतं.

प्रचाराच्या फिल्ममध्येही मर्लिन इंजिनाचं काही मिळालं तर सोडू नका. रोल्स-रॉइसचं हे 27 लिटरचं, 12 सिलिंडरचं व्ही इंजिन. स्पिटफायर आणि लँकॅस्टर विमानांत हेच. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 5.4 इंच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 6 इंच, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, म्हणजे एका इंजिनाला 48. डर्बी आणि क्रू इथले रोल्स-रॉइसचे कारखाने पुरेनात म्हणून ग्लासगोजवळ हिलिंग्टनला कारखाना काढला, मँचेस्टरला फोर्ड कंपनी बसली, आणि अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये पॅकार्ड या मोटार कंपनीने एकट्याने 55 हजारांवर इंजिनं काढली. हात बरेचसे नवखे, त्यात बायका पुष्कळ.

तरी एवढं बारीक काम निघालं कसं? फुटेजमध्ये उत्तर आहे, फक्त नजर मशीनवरून काढून बाजूच्या टेबलावर न्यायला हवी. जॉब फिक्स्चरमध्ये (पकडून ठेवणाऱ्या चौकटीत) एकाच तऱ्हेने बसतो. कॅपस्टन लेथचं टूल स्टॉपला (अडसराला) टेकलं की पुढे जात नाही. आणि बोअर तपासायला प्लग गेज: एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. आकडा वाचायचाच नाही. डोकं चालवायचं ते टूलरूममध्ये आधीच चालवून झालेलं असतं. डर्बीचे फिटर पार्ट घासून, जुळवून बसवत. फोर्डच्या माणसांनी ड्रॉइंग बघितली तर त्यांना टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ढिले वाटले, कारण लाइनवर घासाघीस परवडणार नव्हती. त्यांनी ड्रॉइंग नव्याने काढून घेतली. पॅकार्डनेही नव्याने काढली, पण आटे मात्र इंग्लंडचेच ठेवले, आणि त्यासाठी आटे पाडायचे टॅप आणि डाय स्वतः बनवले. जुन्या लिस्टर इंजिनाच्या इंग्लिश मापाच्या नटाला मेट्रिक पाना लावून कोपरे उडवून आणणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवतो.

पोरांतला एक बघता बघता म्हणाला, "दादा, ह्ये तर आपल्यापेक्षा सोप्पा हाय." बरोबर बोलला. आमच्याकडे येणारा क्रँक कुणी आधी दहा थौ (थौ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड केलेला, कुणी वीस, एक जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) गोल तर दुसरं लंबगोल. तिथे गेज काय करणार? मायक्रोमीटर फिरवून चार ठिकाणी माप घ्यावंच लागतं. म्हणून शिकाऊ पोराला आधी शिकवण्याच्या फिल्म दाखवा, मर्लिन नंतर. उलटं केलंत तर त्याला वाटतं, मशीन चांगलं असलं की झालं.

फुटेजमधला तडा शोधण्याचा प्रकार मात्र आमच्याही कामाचा. क्रँकला चुंबकत्व देतात, वरून बारीक लोखंडी भुकटी मिसळलेलं तेल सोडतात. तडा असेल तिथे भुकटीची रेघ उमटते. आम्ही रॉकेलमध्ये भिजवून, पुसून, खडूची भुकटी लावतो. तडा असेल तर तो रॉकेल ओकतो. त्यांचं तंत्र भारी, पण आमचंही रेघ दाखवतं.

गुण पाचपैकी चार. एक कापला, कारण अपलोड करणारे मथळा एक देतात आणि आत निघतं भलतंच. शिवाय बऱ्याच प्रिंट इतक्या घासलेल्या की मायक्रोमीटरवरच्या रेघा दिसतच नाहीत. काहीजण ह्याच फिल्म दुसरीकडे टाकताना चित्रावर मोठा घड्याळी आकडा छापतात, नेमका चक (लेथवर जॉब पकडणारा भाग) असतो तिथेच. तसल्या घेऊ नका. आणि डोळ्यांना चष्मा न लावता ग्राइंडरवर वाकलेली माणसं दिसतील, तेवढं सोडून बाकीचं शिका.

बोटीचं इंजिन शोधाल तर अमेरिकन नौदलाच्या पीटी (टॉर्पेडो सोडणाऱ्या वेगवान) बोटींचं पॅकार्ड इंजिन सापडेल. 12 सिलिंडर, एका बोटीत तीन इंजिनं, टाकी 3,000 गॅलनची, म्हणजे 11 हजार लिटरच्या वर. पण चालायचं पेट्रोलवर. आमच्याकडे इंजिन न्यायला आलेल्या एका नाखव्याने उभ्याउभ्या ते सगळं बघितलं आणि विचारलं, "पेट्रोलवर डिझेलसारखा परतावा मिळतो काय रे?"