लिंक्ड डायपोल की एंड-फेड? पहिला पोर्टेबल वायर अँटेना कोणता बनवायचा

हॅम रेडिओचं लायसन्स आलं, छोटी रिग (रेडिओ सेट) घेतली आणि आता बॅगेत मावेल असा वायर अँटेना स्वतःच बनवायचाय, असं असेल तर गाडी शेवटी दोनच नावांवर येते, लिंक्ड डायपोल (दोन पायांची, मधोमध सिग्नल देायची वायर) नाहीतर एंड-फेड हाफ वेव्ह (अर्ध्या तरंगलांबीची, एका टोकाला सिग्नल द्यायची वायर). माझं मत आधीच सांगतो. पहिलाच बनवताय तर डायपोल बनवा. पण मध्ये मास्ट उभा करायला जागाच मिळणार नसेल किंवा सारखे बँड बदलत राहायची सवय असेल तर मग एंड-फेड.

डायपोलचं गणित सोपं आहे, 143 ला मेगाहर्ट्झने भागा, येईल ती एकूण लांबी मीटरमध्ये. 14.1 ला (20 मीटर बँड) 10.1 मीटर आणि 7.1 ला (40 मीटर बँड) 20.1 मीटर, त्याचे मधोमध दोन पाय. लिंक्ड म्हणजे काय तर आधी 20 मीटर बँडचे पाय, त्यांच्या टोकाला छोटा इन्सुलेटर, त्याच्यावरून बुलेट कनेक्टरचा जोड, आणि पुढे 40 मीटरसाठी उरलेली वायर. जोड उघडला की 20, लावला की 40. मधोमध फायबरग्लासचा मास्ट, दोन्ही पाय तिरके खाली, झाला इन्व्हर्टेड व्ही. सरळ डायपोलचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) मोकळ्या जागेत 73 ओहमच्या आसपास असतो, पाय झुकवले की तो रिगला हव्या असलेल्या 50 कडे येतो, त्यामुळे मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फीडपॉइंटला, म्हणजे केबल वायरला जोडते तिथे, 1:1 चोक बालन (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा भाग) पुरतो. 5 वॉटवर काम करणाऱ्याला याचं फार महत्त्व आहे कारण आहे तेवढी पॉवर वायरपर्यंत पोचते. त्रास एकच, बँड बदलायचा तर उठा, पाय सोडा, लिंक बदला, परत ताणा, आणि कोएक्सचं (रिगपासून अँटेनापर्यंतच्या केबलचं) वजन मास्टच्या टोकावर येतं ते वेगळंच, त्यामुळे जाड केबल नको, आरजी-316 सारखी बारीक घ्या. तिच्यात लॉस जास्त असतो पण एचएफवर (3 ते 30 मेगाहर्ट्झ) 10 मीटर लांबीला चालून जातं.

एंड-फेड टांगायला मात्र खरंच सुख आहे. एक टोक झाडावर, दुसरं तुमच्या शेजारी, झालं. 20 मीटरच्या आसपास वायर घेतली की 40, 20, 15 आणि 10 हे चारही बँड जागेवरून न उठता मिळतात, कारण हाफ वेव्हच्या पटीत सगळीकडे टोकाचा इम्पिडन्स जास्तच राहतो, साधारण अडीच-तीन हजार ओहम. तो 50 वर आणायला 49:1 ट्रान्सफॉर्मर लागतो, म्हणजे 43 मटेरियलच्या टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) प्रायमरीला 2 आणि सेकंडरीला 14 वेढे, प्रायमरीला समांतर 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर, तो वरच्या बँडसाठी. इथेच थोडी पॉवर फेराइटमध्ये उष्णता होऊन जाते, आणि छोट्या कोअरवर जास्त पॉवरने एफटी8 (सलग पॉवर देणारा डिजिटल मोड) चालवलं तर कोअर चांगलाच तापतो. शिवाय या अँटेनाला दुसरा पाय नसल्यामुळे कोएक्सचं बाहेरचं आवरणच काउंटरपॉइजचं, म्हणजे त्या दुसऱ्या पायाचं, काम करतं, म्हणून चोक ट्रान्सफॉर्मरजवळ न लावता रिगच्या बाजूला लावा. आणि टोकाला हात लावू नका, 100 वॉटवर 2500 ओहमला 500 व्होल्ट होतात, 5 वॉटवरसुद्धा शंभराच्या वर.

आता ट्युनिंग, माझ्या दृष्टीने निर्णय खरा इथेच होतो. वायर हिशोबापेक्षा 3-4 टक्के लांब कापा, ज्या उंचीवर वापरणार त्याच उंचीवर टांगा आणि नॅनो व्हीएनएने (अँटेना मोजायच्या छोट्या उपकरणाने) बघा. जमिनीजवळ रेझोनन्स (अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला जुळतो ती) खाली सरकतो, त्यामुळे बाल्कनीत ट्यून केलेला अँटेना मैदानात वेगळाच वागतो. समजा एकूण 20.6 मीटर वायर टांगली आणि एसडब्ल्यूआरचा खड्डा (परत येणारी पॉवर सगळ्यात कमी असते ती जागा) 6.9 मेगाहर्ट्झला आला, तुम्हाला हवाय 7.1 ला, तर 20.6 गुणिले 6.9 भागिले 7.1 म्हणजे 20.02 मीटर, म्हणजे 58 सेंटीमीटर कमी करायचे, प्रत्येक पायातून 29. पण लगेच कापू नका, टोक मागे दुमडून वायरवरच गुंडाळा, परत बघा, नक्की झाल्यावरच कात्री. लिंक्ड डायपोलमध्ये आधी 20 चे पाय जमवा, मग लिंक लावून 40 चे, आतून बाहेर असंच जायचं, उलटं केलं तर आतला बदल बाहेरचा बँड बिघडवतो. एकदा जमलं की प्रत्येक बँड आपापल्या जागी बसतो.

एंड-फेडमध्ये ती मुभा नाही. कापण्याची जागा एकच, आणि ती सगळे बँड एकदम हलवते. शिवाय हार्मॉनिक (त्याच वायरवर मिळणारे वरचे बँड) बरोब्बर दुप्पट-चौपट येत नाहीत, थोडे वरच पडतात, म्हणून 40 ला अगदी मधोमध बसवायचा हट्ट धरला तर 20 चा खड्डा बँडच्या वर निघून जातो. वायर किंचित लांब ठेवून 40 ला बँडच्या खालच्या टोकावर तडजोड करायची. नवशिक्याला नेमकं कशामुळे काय हललं हे यात कळत नाही, म्हणून मी आधी डायपोल म्हणतो.

9:1 ट्रान्सफॉर्मरवाली रँडम वायर फक्त ट्युनर (रिगला अँटेनाशी जुळवून देणारा डबा) आधीच असेल तर बघा, आणि लांबी वापरायच्या कुठल्याच बँडच्या हाफ वेव्हच्या पटीत येणार नाही अशी निवडा.

यातलं काहीही विजेच्या तारांच्या आसपास टांगायचं नाही, आणि ढग गडगडायला लागले की लगेच उतरवायचं.

आणि डायपोल केला म्हणून एंड-फेड हातचा गेला असं नाही. त्याच 40 मीटर डायपोलचे दोन्ही पाय सलग जोडले की 20 मीटर वायर तयार, फक्त ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा आणि लांबी परत बघायची, त्यासाठी कापलेले तुकडे टाकू नका.