निकोटीनचं व्यसन मोजायचं कशानं? जनुकीय अभ्यास आखणाऱ्यांसाठी

निकोटीनवरच्या अवलंबित्वाचा जनुकीय अभ्यास आखताय? मग मोजमाप आधी ठरवा. कोणती जनुकं हाती लागतील हे बरंचसं त्यावरच ठरतं.

सर्वात स्वस्त प्रश्न म्हणजे दिवसाला किती सिगारेटी. तो बहुतेक आरोग्य सर्वेक्षणांत असतोच, त्यामुळे लाखोंची माहिती आयती मिळते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १२ लाख लोकांच्या अभ्यासात हा एक मुख्य निकष होता. पंधराव्या गुणसूत्रावरच्या सीएचआरएनए५ या, निकोटीन ज्याला चिकटतं त्या ग्राहीच्या जनुकाचा धागाही असाच पक्का झाला. पण या जनुकाच्या जोखीम वाढवणाऱ्या रूपाच्या प्रत्येक प्रतीमागे फरक पडतो तो दिवसाला साधारण एका सिगारेटचा. एक जण दहा सिगारेटी अर्ध्यावर विझवतो, दुसरा तेवढ्याच सिगारेटी खोल झुरके घेत शेवटपर्यंत ओढतो. कागदावर दोघे सारखेच!

म्हणून मला फागरस्ट्रॉम चाचणी जास्त भरवशाची वाटते. १९९१ साली आलेली ही सुधारित चाचणी सहा प्रश्नांची, ० ते १० गुणांची. तिचा जीव एकाच प्रश्नात आहे: उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात? पाच मिनिटांत असेल तर ३ गुण, अर्ध्या तासात २, तासाभरात १, त्यानंतर शून्य. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं. रात्रभर ते उतरत जातं आणि सकाळी शरीर किती अडून बसलंय, ते या उत्तरात दिसतं.

डीएसएम-५ (मनोविकारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) चे निकष मनोविकारांशी सांगड घालायची असेल तरच घ्या. अकरापैकी किमान दोन लक्षणं बारा महिन्यांत दिसली की निदान होतं. मुलाखतीला मात्र प्रशिक्षित माणूस लागतो.

शरीरात निकोटीनपासून बनणाऱ्या कोटिनीनची तपासणी शरीरात निकोटीन किती गेलं ते दाखवते, आणि सीएचआरएनए५ चा संबंध सिगारेटींच्या आकड्यापेक्षा तिच्याशी जास्त घट्ट दिसलाय. पण इथे एक पेच आहे. निकोटीनचं कोटिनीन करणारं सीवायपी२ए६ हे विकरच (एन्झाइम) पुढे कोटिनीनचाही निचरा करतं. ज्याचं विकर मंद, त्याचं कोटिनीन तेवढ्याच निकोटीनला जास्त भरतं. शिवाय निकोटीनचा पॅच लावणाऱ्याचंही कोटिनीन वाढतं. निचऱ्याचा वेग हवा असेल तर ३-हायड्रॉक्सीकोटिनीन (कोटिनीनपासून पुढे बनणारा पदार्थ) आणि कोटिनीन यांचं गुणोत्तर काढा. त्यातून अवलंबित्व कळत नाही, पण उपचार निवडायला ते उपयोगी पडू शकतं: २०१५ च्या एका चाचणीत सामान्य वेगाच्या लोकांना पॅचपेक्षा व्हॅरेनिक्लिन या धूम्रपान सोडवणाऱ्या औषधाचा फायदा जास्त झाला. मंद वेगाच्यांत तसा फरक दिसला नाही, उलट त्यांना व्हॅरेनिक्लिनचे दुष्परिणाम जास्त जाणवले.

जुनीच माहिती वापरायची असेल तर सिगारेटींचा आकडा चालवून घ्या. नवी गोळा करणार असाल तर निदान पहिल्या सिगारेटचा प्रश्न प्रश्नावलीत घालाच, आणि पैसे उरले तर कोटिनीन. आणि ज्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही, त्यांना शून्य गुण देऊन तुलना-गटात बसवू नका. त्यांची जनुकं निकोटीनपुढे कशी वागली असती हे कळायला वावच मिळालेला नसतो. तो गट ओढून पाहिलेल्या, पण अवलंबून न झालेल्या लोकांतूनच घ्या.