इंजिन खोलण्याआधी मोजमाप घेणारी कार्यशाळा

मोटरबोटीचा वेग घटला की संशय सर्वप्रथम इंजिनावर येतो. माझ्या आउटबोर्ड इंजिनाच्या बोटीबाबतही तसेच झाले. एका दुरुस्ती केंद्राने स्पार्क प्लग आणि इंधनाचा फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले आणि बोट परत दिली. दोष मात्र जिथल्या तिथे राहिला. त्यानंतर मी ज्या दुसऱ्या कार्यशाळेत गेलो, तिथल्या तपासणीविषयी हा अभिप्राय आहे.

तिथल्या मेकॅनिकनी इंजिनाचे झाकण न उघडता आधी एकच प्रश्न विचारला: वेग पडतो तेव्हा टॅकोमीटरवरचे, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे (आरपीएम) दाखवणाऱ्या यंत्रावरचे, आकडे खाली येतात की वर जातात? या प्रश्नाने निम्मे निदान होते, हे मला त्या दिवशी कळले. पूर्ण थ्रॉटल देऊनही आरपीएम चढत नसेल, तर इंधन, ज्वलन, कॉम्प्रेशन, अतितापामुळे इंजिनाने स्वतःहून घातलेली मर्यादा किंवा तळावर साचलेले शेवाळ आणि शिंपले यांच्याकडे पाहावे लागते. उलट आरपीएम चढत असूनही बोट पुढे सरकत नसेल, तर इंजिन ताकद देत आहे आणि ती पाण्यापर्यंत पोहोचण्याआधीच कुठेतरी वाया जात आहे. माझी बोट दुसऱ्या प्रकारात मोडत होती. पहिली दहा मिनिटे ती ठीक चालत असे, मग थ्रॉटल वाढवताच इंजिन नुसते गरजू लागे.

यानंतर त्यांनी बोट पाण्यात नेऊनच चाचणी घेतली, आणि याचे मला विशेष कौतुक वाटते, कारण किनाऱ्यावर हाताने फिरवून पाहिल्यास पंख्याचा (प्रोपेलरचा) निसटणारा हब, म्हणजे शाफ्टवर बसणारा त्याचा मधला भागही, घट्टच वाटतो. त्याचा दोष उघड होण्यासाठी पाण्याचा भार लागतो. टॅकोमीटर ५,५०० दाखवत असताना जीपीएसवर वेग होता ताशी ३१ किलोमीटर. माझ्या इंजिनाचे गिअरचे प्रमाण २:१ आहे, म्हणजे पंखा मिनिटाला २,७५० फेरे घेतो. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर, १५ इंच असल्यामुळे काहीही न निसटता बोट ताशी सुमारे ६३ किलोमीटर धावली असती. धावत्या बोटीत १० ते १५ टक्के घसरण स्वाभाविक मानली जाते. इथे ती निम्म्याहून अधिक होती. हा हिशेब त्यांनी माझ्यासमोर कागदावर मांडला.

एवढ्यावर हबला दोषी ठरवण्याची घाई त्यांनी केली नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पृष्ठभागावरची हवा पंख्यात ओढली गेली तरी आरपीएम असाच उसळतो, म्हणून त्यांनी ट्रिम (इंजिनाचा कल) पूर्ण खाली घेऊन बोट सरळ रेषेत चालवली. फरक पडला नाही. मग हबच्या आतल्या नळीवर आणि बाहेरच्या भागावर मिळून रंगाची एक सरळ रेष ओढली आणि पुन्हा फेरी मारली. परत आल्यावर रेषेचे दोन तुकडे एकमेकांपासून बरेच दूर गेले होते. पंखा कशावर आदळल्यास गिअर वाचावेत म्हणून मध्ये असलेला रबरी बुश सैल झाला होता आणि तापल्यावर निसटत होता.

पंखा काढल्यावर शाफ्टभोवती गुंडाळलेली मासेमारीची दोरी सापडली. ती सीलपर्यंत पोहोचली असण्याची शक्यता लक्षात घेऊन त्यांनी गिअर ऑइलही तपासले: ते दुधाळ झालेले नव्हते, म्हणजे त्यात पाणी शिरले नव्हते, आणि ड्रेन स्क्रूच्या चुंबकावर धातूचे तुकडे नव्हते, फक्त नेहमीची बारीक भुकटी होती. गिअरबॉक्सची दाबचाचणीही त्यांनी केली. शेवटी बदलावा लागला तो केवळ हब.

दोन उणिवा मात्र नोंदवल्या पाहिजेत. दुरुस्तीनंतर ५,५०० आरपीएमला ताशी ५६ किलोमीटर वेग मिळाला, असे अहवालात लिहिले आहे. परंतु ही फेरी एकाच दिशेने घेतली होती. जीपीएस जमिनीच्या संदर्भात वेग मोजतो, त्यामुळे प्रवाहाच्या बाजूने घेतलेला आकडा जास्त आणि विरुद्ध बाजूने घेतलेला कमी येतो. दोन्ही दिशांची सरासरी काढायला हवी होती. शिवाय त्या वेळी बोटीत दोघेच होते, तर मी बहुधा पाच जणांना घेऊन जातो. पंखा योग्य आहे की नाही, हे नेहमीच्या भारासह पूर्ण थ्रॉटलला इंजिन उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत चालते का, यावरून ठरते. ती चाचणी मी स्वतः केली: ५,२०० आरपीएम मिळाले, आणि माझ्या पुस्तिकेतील मर्यादा ५,००० ते ६,००० आहे. म्हणजे पंखा बदलण्याची गरज नाही, पण हे मला कार्यशाळेकडून कळायला हवे होते.

या उणिवा असूनही पुढच्या तपासणीसाठी मी बोट तिथेच नेणार आहे, आणि त्या वेळी दोन्ही दिशांच्या फेऱ्या पूर्ण भारासह घेण्याची विनंती आधीच लिहून देणार आहे.