अपघात दाव्याच्या नावाखाली आमच्या घरातून ६,७२,५०० रुपये गेले. ट्रक अपघातात माणूस गमावलेल्या कुटुंबांनी हे वाचावे

नोव्हेंबर २०२३ मध्ये पुणे–सोलापूर महामार्गावर माझ्या धाकट्या भावाची पिकअप रस्त्यातच उभ्या असलेल्या ट्रेलरवर मागून आदळली आणि तो जागीच गेला. पहाटेची वेळ होती. ट्रेलरचे मागचे दिवे बंद होते, रिफ्लेक्टरची पट्टी नव्हती आणि सावधगिरी म्हणून रस्त्यावर एखादी फांदीसुद्धा टाकलेली नव्हती. भाऊ ३४ वर्षांचा होता. मागे पत्नी, दोन लहान मुले आणि आमची आई आहे.

सरकारी रुग्णालयाच्या शवागाराबाहेर आम्ही उभे असताना एक गृहस्थ जवळ आला. 'दादा, तुम्ही घरच्यांकडे बघा, क्लेमचं माझ्यावर सोडा,' असे तो म्हणाला. तो अपघाताचे दावे मिळवून देणारा दलाल होता. त्याच्या गोड बोलण्याचे सगळे तपशील सांगत बसत नाही. पण एक गोष्ट मात्र आजही मला झोपू देत नाही. त्या माणसाला ट्रेलरचा नंबर पाठ होता, विमा कंपनी माहीत होती, आणि पॉलिसी कोणत्या महिन्यापर्यंत चालू आहे हेही त्याने सांगितले. त्या वेळी पंचनामा पूर्ण झालेला नव्हता. आम्हाला, म्हणजे मृताच्या सख्ख्या नातेवाइकांना, तो ट्रेलर कोणाचा हेही कोणी सांगितले नव्हते. ही माहिती याच्याकडे आली कुठून, हा एक प्रश्न तिथेच विचारला गेला असता तर पुढचे काहीच घडले नसते. पण भावाचे प्रेत आत असताना, भावजय भिंतीला टेकून बसलेली असताना, कोणता माणूस असा प्रश्न विचारतो? मी स्वतः शिक्षक आहे, अर्ज आणि शासकीय कागद माझ्या रोजच्या हाताखालचे आहेत. 'शिकलेली माणसे फसतात कशी' असे विचारणाऱ्यांनी आधी त्या व्हरांड्यात उभे राहून पाहावे.

त्याने आम्हाला दोन प्रकारे घाबरवले, आणि त्यातले पहिलेच तेवढे अर्धे खरे होते. अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात आली आहे, हे खरे. पण त्यासाठी त्याच आठवड्यात सह्या देण्याची काहीएक गरज नव्हती. दुसरे म्हणजे, 'गाडी मागून धडकली, म्हणजे चूक तुमच्या भावाचीच धरतील, शून्य रुपये मिळतील' असे तो वारंवार ऐकवत राहिला. ही शुद्ध दिशाभूल होती. महामार्गावर अंधारात दिव्याविना ट्रेलर उभा करणे हाच निष्काळजीपणा आहे, आणि मृताचीही काही अंशी चूक ठरली तरी भरपाई त्या प्रमाणात कमी होते, बुडत नाही.

कागदपत्रांच्या नावाने त्याने आधी १२,५०० रुपये घेतले, मग 'आरटीओतून पॉलिसी काढायला' १५,०००, आणि दावा दाखल करताना २०,०००. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते आणि वाहनाचा विमा कोणाचा व कधीपर्यंत आहे हे परिवहन खात्याच्या ॲपवर दिसते, हे मला नंतर कळले. निकाल लागल्यावर भरपाईचा ३० टक्के हिस्सा त्याचा, असे ठरले. वकिलाने दाव्याच्या रकमेत टक्केवारी ठरवून घेणे बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांनुसार निषिद्ध आहे. टक्के बोलणारा माणूस समोर आला की तिथूनच उठा.

सह्या न्यायालयाजवळच्या एका खोलीत झाल्या. कागदांचा गठ्ठा वरून फाइलने झाकलेला होता, फक्त खालच्या कडा पुढे सरकवलेल्या होत्या आणि प्रत्येक कडेवर पेन्सिलने बारीक फुली मारलेली होती. भावजयीने त्या फुल्यांवर सह्या केल्या. त्यात वकीलपत्र होते, ज्यात वकिलाच्या नावाची जागा कोरी होती, आणि दोन कोरे चेकही होते. नुकसानभरपाईसाठी नवे बँक खाते लागते असे सांगून त्याने ते उघडून दिले आणि खात्याला मोबाइल क्रमांक स्वतःचा लावला. वकीलसाहेब आम्हाला पहिल्यांदा दिसले ते थेट लोकअदालतीत.

त्या दिवशी 'फक्त अर्जदारच आत' असे सांगून मला बाहेर थांबवण्यात आले. आत पॅनेलसमोर भावजयीला विचारले गेले, 'तडजोड मान्य आहे ना?' तिने मान हलवली, कारण जिन्यात तिला सांगितले गेले होते की नाही म्हटलेस तर केस दहा वर्षे चालेल. १४,५०,००० रुपयांवर तडजोड झाली. आता हिशेब पाहा. भावाचे आयकर विवरणपत्रातले वार्षिक उत्पन्न २,१६,००० रुपये. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या सूत्राप्रमाणे, स्वतःचा व्यवसाय असलेल्या आणि वय ४० च्या आत असलेल्या व्यक्तीसाठी त्यात भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवायचे, चार अवलंबितांसाठी वैयक्तिक खर्चाचा एक चतुर्थांश वजा करायचा आणि ३४ व्या वर्षासाठी १६ ने गुणायचे. उत्तर येते ३६,२८,८०० रुपये. अंत्यविधीच्या आणि माणसाचा सहवास गमावल्याबद्दलच्या रकमा त्यावर वेगळ्या. भावाची चूक निम्मी धरली असती तरी १८,१४,४०० होतात. हे गणित मांडायला कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटे लागतात, आणि आमच्या वकिलाने ते एकदाही मांडून दाखवले नाही.

मुलांच्या नावे प्रत्येकी ३,००,००० मुदत ठेवीत गेले, आईला १,००,००० आले. भावजयीच्या खात्यात ७,५०,००० जमा झाले आणि त्याच आठवड्यात त्या दोन चेकवर ४,३५,००० आणि १,९०,००० रुपये निघाले. संदेश त्याच्या फोनवर गेले. आम्हाला पासबुक भरून घेतले तेव्हा समजले. १,२५,००० रुपये उरले होते.

पुढची कहाणी सरकारी दारांची आहे. पोलीस ठाण्यात 'चेकवर सही तुमचीच आहे, हा दिवाणी मामला आहे' असे सांगून अर्जाची पोचसुद्धा नाकारली. मग हद्दीचा वाद निघाला: अपघात एका ठाण्याच्या हद्दीत, बँक दुसऱ्या, न्यायालय तिसऱ्या. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेतली पाहिजे असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिले आहे. ते वाचून दाखवल्यावर 'साहेब आल्यावर या' असे उत्तर मिळाले. वरिष्ठ कार्यालयाला दिलेला अर्ज 'पुढील कार्यवाहीस्तव' पुन्हा त्याच ठाण्याकडे वर्ग झाला, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्याच टेबलावर. बँकेने सही जुळते एवढेच सांगितले. एका विधवेच्या खात्याला परक्या पुरुषाचा क्रमांक का लागला, याचे उत्तर दिले नाही. वकिलाचे म्हणणे असे की तो माणूस त्याच्या ओळखीचाच नाही, आणि तो माणूस सनदधारक, म्हणजे वकिलीचा परवाना असलेला, नसल्याने बार कौन्सिलच्या कक्षेत येत नाही.

मला सर्वांत जास्त संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाला, म्हणजे अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाला, द्यायचा असतो, आणि नातेवाइकांना त्यांचे हक्क लेखी कळवायचे असतात. आम्हाला एक कागद मिळाला नाही. तो कागद वेळेवर हातात पडला असता तर त्या दलालाला आमच्या दारात उभे राहायला जागाच उरली नसती.

महिलेला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. ज्या इमारतीत आम्ही लुटले गेलो त्याच इमारतीत हा दरवाजा होता. दावा तुम्ही राहता त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही दाखल करता येतो, तेव्हा अपघाताच्या गावचा 'माहीतगार' पकडण्याची गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खालील ठरावीक ५,००,००० रुपये चटकन मिळतात म्हणून कोणी सही मागितली तर थांबा. ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, केवळ उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. आमची रिट आता विधी सेवेच्या वकिलामार्फत तयार होत आहे.

ज्यांची तडजोड झाली आहे पण रक्कम अजून जमा व्हायची आहे, त्यांनी बँकेत स्वतः जाऊन खात्याला लागलेला मोबाइल क्रमांक बदलून घ्यावा आणि सही करून दिलेल्या प्रत्येक चेकचे पेमेंट थांबवण्याचा अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का घ्यावा. आणि हे काम रक्कम जमा होण्याआधी करावे.